डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टवर ‘रेटिनल हिमॅन्जिओब्लास्टोमा’ लिहिलंय. हा कॅन्सर आहे का?

नाही. डोळ्याच्या पडद्यावरची (रेटिनावरची) ही गाठ तिथून उठून यकृतात किंवा हाडांत जात नाही. पण ‘कॅन्सर नाही’ एवढंच ऐकून निर्धास्त होऊ नका. हिची खोड वेगळी आहे: ही गळते. गाठीतल्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट नसतात. त्यातून रक्तातला पाण्याचा आणि चरबीचा भाग पडद्यात झिरपत राहतो. गाठ बहुतेकदा पडद्याच्या कडेला असते, पण चरबीचा पिवळा थर साठतो मधोमध, मॅक्युलात, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो तिथे. नळ माळ्यावर गळावा आणि ओल बैठकीच्या भिंतीला यावी, तसं. गळती वाढली की पडद्याखाली पाणी साठून पडदा उचलला जातो. काही डोळ्यांत गाठीभोवती जाळीसारखे धागे तयार होतात आणि ते पडद्याला ओढतात. दृष्टी जाते ती या गळतीने आणि ओढीने.

रक्तवाहिन्यांच्या सगळ्या गाठी सारख्याच का?

मुळीच नाही, आणि उपचार चुकतात ते बहुधा इथेच. मुख्य प्रकार चार.

हिमॅन्जिओब्लास्टोमा: गोल, नारिंगी-लाल गाठ. तिच्याकडे जाणारी धमनी आणि तिच्यातून परतणारी शीर, दोन्ही फुगलेल्या आणि नागमोडी. ही जोडी ऑप्टिक नर्व्हपासून (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेपासून) थेट गाठीपर्यंत जाताना दिसते. नवशिक्या डॉक्टरनेही फुगलेल्या वाहिनीचा माग काढत कडेपर्यंत जावं, टोकाला गाठ सापडते.

कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा: काळ्या द्राक्षांचा छोटा घड पडद्यावर ठेवल्यासारखा. प्रत्येक मणी म्हणजे संथ रक्ताने भरलेली पिशवी. धमनी फुगलेली नसते आणि गळती जवळपास नसतेच.

रॅसिमोज हिमॅन्जिओमा: ही खरं तर गाठच नव्हे. धमनी आणि शीर मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट जोडल्या गेल्याने झालेला जन्मजात गुंता. वाहिन्या इतक्या जाड की पडद्यावर दोरखंड पसरल्यासारखे वाटतात. गळती सहसा नसते. ही आनुवंशिक नाही.

व्हॅसोप्रोलिफरेटिव्ह ट्यूमर: साधारण चाळिशीच्या आसपास, बहुधा खालच्या-बाहेरच्या बाजूला, कडेला, पिवळट-गुलाबी उंचवटा. वाहिन्या थोड्याच जाड असतात. गळते मात्र भरपूर. काहींमध्ये आपोआप होते, तर काहींमध्ये रेटिनायटिस पिगमेंटोसा (पडदा हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार), डोळ्याची जुनी सूज, टॉक्सोप्लाझ्मोसिस (परजीवीचा संसर्ग) किंवा कोट्स डिसीज (पडद्याच्या वाहिन्या गळण्याचा आजार) यांच्या मागोमाग येते.

आणखी एक नाव फायलींत सारखं भेटतं: कोरॉइडल हिमॅन्जिओमा. तो पडद्याच्या नव्हे, पडद्यामागच्या थराचा. त्याचा हिशेब वेगळा, म्हणून रिपोर्टवर ‘रेटिनल’ आहे की ‘कोरॉइडल’, हे आधी नीट वाचा.

तपासणीत नेमकं काय करतात?

आधी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. मग डॉक्टर डोक्यावर दिवा लावून, हातात भिंग धरून पडदा बघतात आणि एका बोथट दांडीने पापणीवरून डोळा हलकेच दाबतात. हा दाब थोडा त्रासदायक वाटतो, पण अगदी कडेच्या अर्ध्या मिलिमीटरच्या गाठी त्याशिवाय नजरेत येत नाहीत. बाहुली मोठी न करता ‘पडदा ठीक आहे’ असं कोणी सांगितलं, तर ते मध्यभागापुरतंच धरा.

पुढे फ्लुरेसिन अँजिओग्राफी. हातातल्या शिरेतून पिवळा रंग देतात आणि भराभर फोटो काढतात. हिमॅन्जिओब्लास्टोमात क्रम ठरलेला: आधी धमनी उजळते, मग लगेच गाठ, मग शीर. शेवटच्या फोटोंत गाठीभोवती धुरकट चमक पसरते, तीच गळती. कॅव्हर्नसमध्ये उलट: पिशव्या उशिरा आणि हळू भरतात. बसलेल्या माणसात लाल पेशी तळाशी बसतात आणि रंगीत पाणी वर राहतं. त्यामुळे प्रत्येक मण्याचा वरचा अर्धा चमकतो, खालचा काळा राहतो. हे चित्र एकदा दिसलं की निदानात शंका उरत नाही. रॅसिमोजमध्ये रंग झपाट्याने वाहून जातो, गळत नाही. अख्खा पडदा एका फोटोत टिपणारा वाइड-फील्ड कॅमेरा असेल तर उत्तम. साध्या कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच्या बारीक गाठी त्यातच सापडतात.

रंगानंतर थोडी मळमळ येऊ शकते. कातडी काही तास पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गडद पिवळी होते. घाबरू नका. मात्र पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल किंवा दमा असेल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा.

ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या प्रकाशाच्या स्कॅनमध्ये, मॅक्युलाची सूज मायक्रॉनमध्ये मोजतात. उपचार लागू पडतोय का, हे पुढे याच आकड्यावरून कळतं. डोळ्यात रक्त साठून पडदा दिसत नसेल तर सोनोग्राफी.

बायोप्सी का करत नाहीत?

रक्ताने भरलेल्या पिशवीत सुई घालायचं कारणच नाही. चित्रावरून निदान होतं आणि सुईने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

निदान कुठे चुकतं?

मॅक्युलात पिवळे ठिपके चांदणीच्या आकारात दिसले की ‘डायबेटिस असेल’ किंवा ‘बीपी असेल’ म्हणून रक्ताच्या तपासण्या सुरू होतात. साखर आणि बीपी दोन्ही व्यवस्थित आले, माणूस पंचविशीतला आहे आणि ठिपके एकाच डोळ्यात आहेत, तर कडेला नजर टाकलीच पाहिजे.

दुसरी चूक ऑप्टिक नर्व्हला लागून असलेल्या गाठीत होते. ती गोल गरगरीत नसते, कडा पुसट असतात, फुगलेली धमनीही दिसत नाही. मग ती नर्व्हची सूज समजली जाते आणि स्टिरॉइड सुरू होतं, किंवा मेंदूतला दाब वाढलाय असं वाटतं. सूज एकाच डोळ्यात आणि नर्व्हच्या एकाच बाजूला असेल, तर अँजिओग्राफीत लगेच चमकणारा गोळा शोधावा.

आपल्याकडे टीबी इतका आहे की पडद्यावरचा पिवळट-लाल उंचवटा पाहिला की टीबीची गाठ आठवते, आणि महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालतात. लहान मुलात तर रेटिनोब्लास्टोमा (पडद्याचा कॅन्सर) आणि कोट्स डिसीजही आधी नाकारावे लागतात. तिथे घाई आणि काळजी दोन्ही हवी.

एकच गाठ आहे, घरात कोणालाच नाही. मग मेंदूचा आणि पोटाचा स्कॅन कशाला?

कारण हिमॅन्जिओब्लास्टोमा ही बऱ्याचदा व्हॉन हिपेल-लिंडाऊ आजाराची, म्हणजे व्हीएचएलची, पहिली खूण असते. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिपेल यांनी १९०४ मध्ये पडद्याच्या गाठींचं वर्णन केलं. स्वीडनच्या आर्विड लिंडाऊ यांनी १९२६ मध्ये त्यांचा मेंदूतल्या गाठींशी धागा जोडला. आज कारण माहीत आहे: तिसऱ्या गुणसूत्रावरच्या व्हीएचएल जनुकात बिघाड. हे जनुक पेशीला ‘ऑक्सिजन पुरेसा आहे, नव्या रक्तवाहिन्या नकोत’ असं सांगणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. तो बिघडला की पेशी सतत गुदमरल्यासारखी वागते आणि वाहिन्या वाढवत सुटते. ऑक्सिजन ओळखण्याच्या याच यंत्रणेवरच्या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं.

व्हीएचएलमध्ये निम्म्याच्या आसपास लोकांना डोळ्यात गाठी होतात, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. शिवाय लहान मेंदू आणि पाठीच्या कण्यात गाठी, मूत्रपिंडाचा कॅन्सर, स्वादुपिंडातल्या गाठी, अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा (बीपी भडकवणारी गाठ), कानाच्या आतल्या भागात गाठ. जवळजवळ पाचातल्या एका रुग्णात आईवडिलांना काहीच नसतं, बदल त्याच्यापासूनच सुरू होतो. म्हणून ‘घरात कोणाला नाही’ हे कारण पुरेसं नाही.

घरात व्हीएचएल असेल तर एकाच गाठीवर निदान होतं. घरात नसेल तर दोन हिमॅन्जिओब्लास्टोमा लागतात, किंवा एक हिमॅन्जिओब्लास्टोमा आणि पोटातली ठराविक गाठ. एकच गाठ असेल तर जनुक तपासणीने सोक्षमोक्ष लागतो.

बाकी प्रकारांत वेगळं. कॅव्हर्नसमध्ये मेंदूतही तशाच पिशव्या असू शकतात, म्हणून एमआरआय, विशेषतः फिट्स येऊन गेल्या असतील तर. रॅसिमोजमध्ये मेंदूतल्या वाहिन्यांच्या गुंत्यासाठी एमआरआय आणि वाहिन्यांचा स्कॅन. व्हॅसोप्रोलिफरेटिव्हमध्ये मेंदूचा स्कॅन नव्हे, डोळ्यातला मूळ आजार शोधायचा.

जनुक तपासणी कशी सांगायची?

फक्त ‘व्हीएचएल सिक्वेन्सिंग’ लिहून भागत नाही. काही कुटुंबांत जनुकाचा मोठा तुकडाच गायब असतो आणि तो साध्या सिक्वेन्सिंगमध्ये निसटतो. चिठ्ठीवर एमएलपीए किंवा ‘डिलीशन-डुप्लिकेशन’ तपासणीही मागा. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण डोळ्यांत चार गाठी आहेत, तर बदल शरीराच्या काहीच पेशींत असण्याची शक्यता राहते. अशा वेळी रिपोर्टपेक्षा गाठींवर विश्वास ठेवून तपासण्या चालू ठेवायच्या.

प्रत्येक मुलाला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. मूल होण्याआधीच समुपदेशन घेतलेलं बरं. आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी आपल्या कायद्यात बसते, नोंदणीकृत केंद्रातच आणि लिंग न सांगता.

लगेच उपचार करायचे की थांबायचं?

कडेला असलेला हिमॅन्जिओब्लास्टोमा लहान असतानाच जाळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक मिलिमीटरची गाठ एक-दोन बैठकांत मिटते. तीच पाच मिलिमीटरची झाली की प्रत्येक उपचार जोखमीचा होतो. फार बारीक आणि अजिबात न गळणाऱ्या ठिपक्यावर काही डॉक्टर तीन-चार महिने नजर ठेवतात. रुग्ण नेमाने येणारा असेल तर तेही चालतं.

ऑप्टिक नर्व्हला चिकटलेल्या गाठीत गणित उलटं: गळत नसेल तर हात लावायचा नाही. लेझरने गाठीबरोबर नर्व्हचे तंतूही भाजतात. कॅव्हर्नस आणि रॅसिमोजलाही सहसा उपचार नाही. द्राक्षाच्या घडावर लेझर मारणारा डॉक्टर त्रास नसलेल्या डोळ्यात त्रास निर्माण करतो.

लेझर कसं करतात? एका वेळी का संपत नाही?

साधारण दीड मिलिमीटरपर्यंतच्या गाठीला लेझर छान लागू पडतं, तीनपर्यंतही चालतं. हिरवा किंवा पिवळा किरण वापरतात, कारण तो रक्त चांगला शोषून घेतं. ठिपका मोठा, ताकद कमी आणि वेळ जास्त ठेवायचा. कमी वेळात मोठी ताकद दिली तर गाठीचा पृष्ठभाग फुटून रक्त येतं. गाठ फिकट पांढरी पडेपर्यंत ठिपके एकमेकांवर चढवत जातात. गाठ जरा मोठी असेल तर आधी पुरवठा करणारी धमनी आखडवतात. परतीची शीर आधी बंद करायची नाही: आत येणारं रक्त चालू आणि बाहेरची वाट बंद, म्हणजे गाठ फुगून फुटणारच.

काही आठवड्यांनी पुन्हा बघतात. काम झाल्याची खूण गाठीत कमी आणि वाहिन्यांत जास्त दिसते: दोरीसारखी जाड धमनी-शीर शेजारच्या वाहिन्यांइतकी बारीक होते. वाहिन्या अजून जाडच असतील तर गाठ पांढरी दिसली तरी जिवंत आहे, दुसरी बैठक लागणार. मॅक्युलातली पिवळी चरबी मात्र शोषली जायला कित्येक महिने लागतात.

क्रायो कधी?

गाठ अगदी कडेला असेल, तीन-चार मिलिमीटरची असेल किंवा खाली पाणी असल्याने लेझर पकडत नसेल तेव्हा. डोळ्याच्या बाहेरून थंड प्रोब टेकवून बर्फाचा गोळा अख्ख्या गाठीवर चढेपर्यंत गोठवतात, पूर्ण वितळू देतात आणि पुन्हा गोठवतात. अर्धवट वितळलेलं असताना प्रोब ओढला तर इजा होते. डोळा चार-सहा दिवस लाल आणि सुजलेला राहतो. व्हॅसोप्रोलिफरेटिव्ह गाठीतही क्रायोच बहुधा पहिली निवड.

उपचारानंतर दृष्टी आणखी कमी झाली. काही चुकलं का?

गरजेचं नाही. भाजलेली किंवा गोठवलेली गाठ काही दिवस जास्तच गळते. पडद्याखाली पाणी वाढतं, कधी पडदा बराच उचललाही जातो. मोठ्या गाठीत हे हमखास अपेक्षित असतं, आणि बहुतेकदा ते काही आठवड्यांत ओसरतं. म्हणूनच मोठी गाठ एका दमात न संपवता हप्त्याहप्त्याने जाळतात आणि सोबत स्टिरॉइड देतात. पण अचानक काळे ठिपके-धूर, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली किंवा डोळ्यात ठणका आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

डोळ्यातल्या इंजेक्शनने गाठ विरते का?

वाहिन्यांची वाढ आणि गळती रोखणाऱ्या अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शनने मॅक्युलाची सूज काही काळ उतरते, ओसीटीचा आकडा सुधारतो. गाठ मात्र बहुधा तशीच राहते. नुसत्या इंजेक्शनांवर वर्ष घालवलं तर तेवढ्या वेळात गाठ वाढते. सोबतचा उपचार म्हणून ठीक.

फोटोडायनॅमिक थेरपी म्हणजे काय?

व्हर्टेपोर्फिन हे औषध शिरेतून देतात, शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर क्षेत्रफळाला ६ मिलिग्रॅम. मग ६८९ नॅनोमीटरचा थंड किरण गाठीवर, नेहमीच्या पद्धतीत ८३ सेकंद. औषध फक्त उजेड पडेल तिथे वाहिन्या बंद करतं, म्हणून नर्व्हजवळच्या गळणाऱ्या गाठीत याचा विचार होतो. तरीही नर्व्हला इजा होऊ शकते, हे आधी समजून घ्या. नंतर पाच दिवस ऊन टाळायचं: पूर्ण बाह्या, टोपी, गॉगल. अंधाऱ्या खोलीत बसू नका. घरातल्या साध्या उजेडाने कातडीतलं औषध उलट लवकर निकामी होतं. औषधाचा जगभर तुटवडा होत आलाय. तारीख घेण्याआधी ते हातात आहे का ते विचारा.

गाठ पाच मिलिमीटरची आहे. आता?

दोन वाटा. पहिली प्लाक: रुथेनियम-१०६ या किरणोत्सारी धातूची वाटीसारखी पातळ चकती डोळ्याच्या बाहेरून गाठीच्या जागी टाक्यांनी बसवतात. ठरलेला डोस गेल्यावर दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने काढतात. किरणं काही मिलिमीटरच आत जातात, म्हणून बाकी डोळा बराचसा वाचतो. पूर्वी या चकत्या परदेशातून यायच्या. आता ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी बनवली आहे आणि २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये ती वापरली गेली.

दुसरी व्हिट्रेक्टॉमी: धाग्यांनी पडदा ओढला जात असेल, रक्त साठलं असेल तर डोळ्यातला जेल काढून धागे सोडवतात, धमनी बंद करतात, गरज पडली तर गाठच कापून काढतात. अनुभवी हातांचं काम आहे, आणि निकालाची खात्री कोणी देऊ नये.

व्हीएचएलवर गोळी आली आहे म्हणे?

हो, बेल्झुटिफान. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीएचएलच्या मूत्रपिंड, मेंदू-कणा आणि स्वादुपिंडातल्या काही गाठींसाठी मान्यता मिळाली. डोस रोज १२० मिलिग्रॅम. डोळ्यातल्या गाठींवरही परिणाम दिसलाय. पण हिमोग्लोबिन घसरतं, ऑक्सिजन कमी होऊ शकतो आणि गर्भाला धोका असतो. शिवाय हिच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात, त्यामुळे हार्मोन नसलेलं साधन वापरावं लागतं. एका बारीक गाठीसाठी ही गोळी नव्हे. लेझरने जे दहा मिनिटांत होतं, त्यासाठी रोजचं औषध कशाला?

मुलांची तपासणी कधीपासून, किती वेळा?

व्हीएचएल ठरलेल्या घरात डोळे पहिल्या वाढदिवसाआधीपासून, दर सहा ते बारा महिन्यांनी, आयुष्यभर. अगदी लहान मूल स्थिर बसत नसेल तर भूल देऊन. मेंदू-कण्याचा एमआरआय आणि कानाची तपासणी साधारण अकराव्या वर्षापासून, पोटाचा एमआरआय पंधराव्या वर्षापासून, दोन्ही दर दोन वर्षांनी. बीपी आणि अ‍ॅड्रिनलच्या तपासण्या लहानपणापासूनच. जनुक तपासणीत बदल मिळाला नाही, तर त्या मुलाला यातून सुटका. पैसा वाचतो तो इथे.

ऑपरेशन किंवा बाळंतपणाआधी काय सांगायचं?

फिओक्रोमोसायटोमा तपासला आहे की नाही, ते. लपलेली ही गाठ भूल देताना बीपी एकदम भडकवू शकते. म्हणून पूर्ण भूल देण्याआधी रक्तातल्या किंवा लघवीतल्या मेटानेफ्रिनची (या गाठीमुळे वाढणाऱ्या रसायनाची) तपासणी झालेली हवी. बाहुली मोठी करायच्या आपल्याकडच्या नेहमीच्या थेंबांत ट्रॉपिकामाइडबरोबर ५ टक्के फिनाइलेफ्रिन असतं, आणि त्याने बीपी वाढू शकतं. अ‍ॅड्रिनलची गाठ ठाऊक असेल तर नुसतं ट्रॉपिकामाइड मागा. गरोदर असाल तर पडद्याची तपासणी चुकवू नका. रंगाची अँजिओग्राफी मात्र त्या काळात सहसा टाळतात.

रॅसिमोज गाठ असलेल्यांनी दातांच्या डॉक्टरलाही सांगावं. तोच गुंता जबड्यात असू शकतो, आणि साधा दात काढताना आटोक्यात न येणारा रक्तस्राव होऊ शकतो. आधी जबड्याचा स्कॅन, मग दात.

दुसऱ्या शहरात दाखवायला जाताना काय न्यावं?

डोळ्यांच्या गाठींचे स्वतंत्र विभाग चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था आणि दिल्लीचं एम्स यांच्याकडे आहेत. कागदी प्रिंट पुरत नाही. अँजिओग्राफीचे सगळे फोटो वेळेच्या क्रमाने पेन ड्राइव्हवर मागून घ्या, कारण पहिल्या वीस सेकंदांत गाठ कशी भरली यावरच निम्मं निदान आहे. आधीच्या लेझरची नोंद हवी: किती वेळा, कोणत्या जागी, किती ताकदीने. एमआरआयची सीडी, जनुक तपासणीचा पूर्ण रिपोर्ट, आणि एका कागदावर तीन पिढ्यांची यादी: कोणाला डोळ्याचा, मेंदूचा, मूत्रपिंडाचा त्रास, कोण तरुणपणी ‘बीपीने’ किंवा ‘मेंदूत गाठ होऊन’ गेलं. सोबत एक माणूस न्या. थेंबांनंतर चार-पाच तास जवळचं वाचता येत नाही आणि गाडी चालवता येत नाही.